रकाना

रजिस्टर माझ्याकडे असतं.
लाल रेघा मीच मारलेल्या:
नाव, रंग, कुठून आला, काय खातो,
आणि शेवटी एक अरुंद रकाना:
हात लागू देतो का?

काटोल नाक्याच्या पुढे, टायरच्या गोदामामागे
आमचे दोन पत्र्याचे हॉल.
कुत्री पलीकडे. इकडे लहान जीव,
ससे, गिनीपिग, एक म्हातारा हॅमस्टर.
वाढदिवसाला आणलेले, परीक्षा आली की नकोसे झालेले,
बुटांच्या खोक्यात घालून
झाकणाला पेनने भोकं पाडून
गेटाशी ठेवून गेलेले.
कोणी चिठ्ठी ठेवतं: याला कोथिंबीर आवडते.
कोणी तेवढंही नाही.

रविवारी पोरं येतात.
प्रज्वली उईके गिट्टीखदानहून सायकलवर,
तक्षशील दोन बस बदलून,
शेंड्यांच्या जुळ्या, ज्या एकमेकींशीच भांडतात.
पहिल्या दिवशी सगळ्यांना वाटतं, कुशीत घ्यायचं असतं.
मी म्हणते, बसा. फरशीवर.
हात मांडीवर, तळवे वर.
आता काही करू नका.
"म्हणजे काय करू, काकू?"
काहीच नको, बाबू. तासभर.
याहून कठीण काम मी कोणाला दिलेलं नाही.
मोठ्यांना तर देतच नाही.

मे महिना. पारा शेहेचाळीसवर.
कुलरची घरघर, ओल्या वाळ्याचा वास,
बर्फ केलेल्या पाण्याच्या बाटल्या पिंजऱ्यात आडव्या,
ससे त्यांना पाठ लावून पडलेले.
संत्री केव्हाच संपली,
म्हणून गिनीपिगांना ढोबळी मिरचीच्या चकत्या;
पिशवी चुरचुरली की अशी शिट्टी घालतात
जसे दहा कुकर एकदम लावलेत.

तक्षशीलच्या वाट्याला करडा ससा आला.
एका कानाला चीर.
कोणीतरी कान धरूनच उचलायचं त्याला.
पोरगं आत आलं की मागचा पाय आपटायचा, धप्प.
खोकलं तरी धप्प.
दुसऱ्या रविवारी चावला.
पोरगं इंजेक्शन घेऊन, पट्टी बांधून
पुन्हा त्याच फरशीवर.
म्हटलं, दुसरा देऊ का?
"काहून? त्याची काय चुकी हाये?"

मग बहिणीचं दहावीचं भूगोल आणलं
आणि हळू आवाजात वाचायला लागला.
ब्राझीलचं हवामान. ॲमेझॉनचं खोरं.
तिथे म्हणे बारा महिने पाऊस.
इथे माठाखालची वाळूसुद्धा दुपारपर्यंत कोरडी.
ससा ऐकत होता का, मला सांगता येणार नाही.
चिरलेला कान मात्र ब्राझीलकडे.

रकान्यात मी लिहीत गेले,
नाही. नाही. नाही.
एका रविवारी नुसती रेघ मारली,
कारण 'नाही' लिहायला हात होईना
आणि 'हो' खोटं झालं असतं.

सातवा की आठवा रविवार,
लोकसंख्येचं प्रकरण चालू होतं.
ससा निघाला. भिंतीच्या कडेने. थांबला.
पुन्हा निघाला
आणि तक्षशीलच्या सँडलच्या पट्ट्यावर हनुवटी घासली.
एकदा. मग आणखी एकदा.
ससे असं आपल्या वस्तूला करतात.
पोराला माहीत नव्हतं, मी लगेच सांगितलं नाही.
त्याने वाचणं थांबवलं नाही,
फक्त एकच ओळ तीनदा वाचली.

मी 'हो' लिहिलं.
आणि आमच्याकडे 'हो' लिहिलं की
घर शोधायला मोकळीक असते.

मनीषनगरचं कुटुंब आलं.
आठेक वर्षांची पोरगी आल्याआल्या फरशीवर बसली,
तळवे वर.
कोणी शिकवलं होतं कोणास ठाऊक.
प्रज्वली दुसरीकडे बघत होती.

तक्षशीलने पिंजरा धुतला, दोनदा.
निघताना माझा पेन मागितला
आणि त्यांच्या फॉर्मच्या मागे लिहिलं,
अक्षर गचाळ, ओळी वर चढत गेलेल्या:
कान धरू नका.
उजवीकडून जा, डाव्या बाजूने दचकतो.
याला ब्राझील आवडतं.